पगडी, क्रूस आणि जेवणाचा डबा

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामगार चळवळीच्या अभ्यासवर्गात वेतन, बोनस, महागाई भत्ता, कामाचे तास, छाटणी हे विषय ठरलेले असतात आणि ते तसे असणे योग्यच आहे. परंतु ज्यांनी कारखान्यात किंवा कचेरीत दहा-वीस वर्षे काढली आहेत, त्यांना हेही ठाऊक असते की, बोनससाठी एकत्र आलेली माणसे पुष्कळदा एखाद्या क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूवरून फुटतात. ती वस्तू कोणाच्या डोक्यावरची पगडी असते, कोणाच्या गळ्यातला क्रूस किंवा ताईत असतो, कोणाच्या टेबलावरची तसबीर असते, तर कोणाचा जेवणाचा डबा असतो. ज्याची ती वस्तू असते, त्याच्या ती अंगवळणी पडलेली असते. शेजाऱ्याच्या डोळ्यांत मात्र ती खुपते. मग कुजबूज सुरू होते, कुजबुजीची तक्रार होते, व्यवस्थापन नियमांचे पुस्तक उघडते, आणि संघटनेचा पदाधिकारी ‘हा धर्माचा, चालीरीतींचा प्रश्न, यात संघटनेने पडू नये’ असे म्हणून बाजूला होतो. या बाजूला होण्याची किंमत काय पडते, हे समजण्यासाठी इंग्लंडमधील एका गावाची हकिगत पुन्हा सांगण्यासारखी आहे.

वुल्व्हरहॅम्प्टनची बस

वुल्व्हरहॅम्प्टन हे मध्य इंग्लंडमधील कारखान्यांचे शहर. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील ओतशाळांना आणि वाहतूक सेवेला माणसांची वाण पडली, तेव्हा पंजाबातून आलेल्या शेकडो लोकांनी ती कामे पत्करली. नगरपालिकेच्या बसगाड्यांवर चालक आणि वाहक म्हणून भारतीय मोठ्या संख्येने होते. १९६७ च्या ऑगस्टमध्ये तरसेमसिंग संधू नावाचा एक तरुण चालक आजारपणाच्या रजेवरून कामावर परतला. रजेपूर्वी तो दाढी करून येत असे. परतला तेव्हा त्याने दाढी राखली होती आणि डोक्याला पगडी बांधली होती. गणवेशाच्या नियमात दाढीला आणि पगडीला जागा नव्हती. त्याला घरी पाठवण्यात आले.

या घटनेत एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हा मनुष्य काही आठवड्यांपूर्वी तीच बस त्याच रस्त्याने चालवीत होता. त्याचे हात, डोळे, परवाना, शिस्त यांत काडीमात्र फरक पडला नव्हता. पगडीमुळे गाडी चालवण्यास कोणता अडथळा येतो, हे पुढची जवळजवळ दोन वर्षे कोणालाही दाखवता आले नाही. उलट दोन्ही महायुद्धांत शीख सैनिक पगडी बांधूनच ब्रिटनच्या बाजूने लढले होते, आणि तेव्हा ती कोणालाही गैर वाटली नव्हती. मँचेस्टरमध्ये याच प्रश्नावर १९५९ साली वाद उद्भवला होता. ज्ञानी सुंदरसिंग सागर यांनी वाहकाच्या नोकरीसाठी अर्ज केला. टोपीऐवजी गणवेशाच्या रंगाची पगडी बांधून तिच्यावर खात्याचा बिल्ला लावण्याचीही त्यांची तयारी होती. एवढ्या साध्या तोडग्याला मान्यता मिळण्यास १९६६ साल उजाडावे लागले. म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनपुढे तयार उदाहरण होते. तरीही तेथील वाहतूक समिती हटून बसली.

पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. १९६८ च्या प्रारंभी सुमारे सहा हजार शिखांनी त्या शहरातून मोर्चा काढला. प्रश्न एका चालकाचा होता, तो आता एका समाजाच्या मानापमानाचा झाला. त्याच शहराच्या नैर्ऋत्य मतदारसंघाचे हुजूर पक्षीय खासदार इनॉक पॉवेल यांनी २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये वर्णद्वेषाने भरलेले ते कुप्रसिद्ध भाषण केले, त्यात शिखांच्या या चळवळीचा उल्लेख होता. आणि त्यासाठी पॉवेल यांनी आधार घेतला तो मजूर पक्षाच्या सरकारातील एका मंत्र्याच्या उद्गारांचा! जॉन स्टोनहाउस या मंत्र्याने शिखांच्या मागणीवर टीका केली होती. तीच पॉवेल यांच्या हातात आयती पडली. भाषणानंतर पक्षनेते हीथ यांनी पॉवेल यांना आपल्या छाया मंत्रिमंडळातून काढले. परंतु तीनच दिवसांनी लंडनच्या गोदी कामगारांनी पॉवेल यांच्या बाजूने पार्लमेंटवर मोर्चा नेला. ज्या गोदी कामगारांचे लढे जगभरच्या कामगारांना आदर्शवत वाटत होते, तेच कामगार आपल्याच वर्गातील काळ्या-सावळ्या माणसांविरुद्ध रस्त्यावर उतरले.

अखेर सोहनसिंग जॉली या वयोवृद्ध शीख पुढाऱ्याने, १३ एप्रिल १९६९ च्या वैशाखीपर्यंत बंदी उठली नाही तर स्वतःला जाळून घेण्याचा निर्धार जाहीर केला. सूत्रे हलली, आणि ९ एप्रिल रोजी, मुदत संपण्यास चार दिवस उरले असता, बंदी उठली. बसगाड्या दुसऱ्या दिवशीही धावल्या. कोठेही आकाश कोसळले नाही.

जी गोष्ट चार माणसांनी एका टेबलाभोवती बसून अर्ध्या तासात सोडवायची, ती सोडवण्यासाठी एका वृद्धाला चितेची भाषा बोलावी लागली. मध्यंतरीच्या काळात सहकारी कामगारांच्या संघटनेने हा प्रश्न आपला म्हणून उचलला असता, तर पॉवेल यांना एक शस्त्र कमी मिळाले असते. संघटना बाजूला झाली की तेथे पोकळी राहत नाही. ती जागा जातीय आणि वांशिक पुढारी भरून काढतात.

आक्षेप वस्तूवर की माणसावर?

याचा अर्थ असा मात्र घेऊ नये की, कोणीही कोणतीही वस्तू श्रद्धेच्या नावाने कामावर आणावी आणि सर्वांनी मान तुकवावी. ही भूमिका ऐकण्यास उदार वाटते, पण कारखान्यात ती टिकत नाही. पट्टे आणि चक्रे फिरत असलेल्या यंत्रापाशी लोंबते वस्त्र घालू नये, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत, असा दंडक १९४८ च्या कारखाना कायद्याने घातला होता. त्यामागे कामगारांचे तुटलेले हात आणि गेलेले जीव होते. अशा दंडकाला धर्माच्या नावाने विरोध करणारा पुढारी कामगाराचा हितकर्ता नव्हे.

तेव्हा कसोटी हवी. ती एका साध्या प्रश्नात आहे: आक्षेप वस्तूवर आहे की माणसावर? वस्तूमुळे खरोखर कोणाला इजा, अडथळा किंवा अपमान होत असेल, तर आक्षेप वस्तूवर आहे. त्याची चर्चा होऊ शकते, त्यावर तोडगा निघू शकतो. परंतु वस्तू केवळ निमित्त असून ती बाळगणारा माणूसच डोळ्यांत सलत असेल, तर तोडगा हा शब्दच तेथे लबाडीचा ठरतो.

स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १५ जानेवारी २०१३ रोजी एकाच निकालपत्रात ज्या दोन स्त्रियांच्या तक्रारी निकालात काढल्या, त्या या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. दोघीही ब्रिटिश, दोघीही ख्रिस्ती, दोघींच्याही गळ्यात छोटा क्रूस. नादिया एवेडा या विमान कंपनीच्या प्रवासी-कक्षात काम करीत. क्रूस कपड्याआड झाकण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून २००६ साली ब्रिटिश एअरवेजने त्यांना घरी पाठवले. तीच कंपनी शिखांची पगडी आणि मुस्लिम स्त्रियांचा हिजाब चालवून घेत होती, आणि काही महिन्यांत, फेब्रुवारी २००७ मध्ये, तिने आपला नियमही बदलला. न्यायालयाने एवेडा यांच्या बाजूने कौल दिला. जो नियम कंपनी स्वतःच इतक्या सहज बदलू शकली, तो काही फार मोलाचा नव्हता, असा त्याचा आशय. दुसऱ्या शर्ली चॅप्लिन या परिचारिका. वृद्ध रुग्णांची सेवा करताना एखादा गोंधळलेला रुग्ण साखळी ओढील, किंवा लोंबता क्रूस उघड्या जखमेला लागेल, असे रुग्णालयाचे म्हणणे होते. त्याच रुग्णालयात दोन शीख परिचारिकांनाही कडे आणि कृपाण घालू नये असे सांगण्यात आले होते. येथे न्यायालयाने रुग्णालयाचे म्हणणे मान्य केले. वस्तू एकच, श्रद्धा एकच, निकाल मात्र दोन. कारण पहिल्या ठिकाणी आक्षेपाला आधार नव्हता, दुसऱ्या ठिकाणी तो होता आणि तो सर्वांना सारखा लागू केलेला होता.

या कसोटीतही एक अवघड जागा आहे. कॅनडात भिंदर नावाच्या शीख विद्युत कामगाराने रेल्वेच्या यार्डात सुरक्षा-टोप घालण्यास नकार दिला. १९८५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयात तो हरला. उलट ब्रिटनने १९८९ च्या कायद्याने बांधकामावरील पगडीधारी शिखांना टोपातून सूट दिली. जोखीम केवळ स्वतःची असेल तर ती पत्करण्याचा अधिकार कामगाराला असावा काय, आणि अपघात झाल्यास त्याच्या कुटुंबाच्या भरपाईचे काय, हे प्रश्न प्रामाणिक माणसांतही मतभेदाचे राहणार. त्यांचे उत्तर त्या त्या खात्यातील कामगारांनी, कामाची जागा डोळ्यांपुढे ठेवून, शोधले पाहिजे. ते व्यवस्थापनाच्या एकट्याच्या मर्जीवर सोडता येत नाही आणि धर्मगुरूंच्या मर्जीवरही सोडता येत नाही.

‘ग्राहकाला आवडत नाही’

अलीकडच्या काळात मालकवर्गाने एक नवीन सबब शोधली आहे. मालक म्हणतो, ‘आमची स्वतःची काही तक्रार नाही, ग्राहकाला आवडत नाही.’ फ्रान्समध्ये संगणक-क्षेत्रातील एका मुस्लिम अभियंता स्त्रीला, तिच्या डोक्यावरील वस्त्राबद्दल ग्राहक-कंपनीने तक्रार केली म्हणून, कामावरून काढण्यात आले. १४ मार्च २०१७ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने, ग्राहकाची इच्छा ही कामाची खरीखुरी गरज ठरत नाही, असा निर्णय दिला. परंतु त्याच दिवशी बेल्जियममधील एका स्वागतिकेच्या प्रकरणात, सर्वच श्रद्धांच्या खुणांवर सरसकट बंदी घालणारा ‘तटस्थ’ नियम थेट भेदभाव ठरत नाही, असेही ते म्हणाले. एका हाताने दार लावले आणि दुसऱ्या हाताने खिडकी उघडली, असा हा प्रकार झाला.

तटस्थता हा शब्द मोठा भारदस्त आहे. पण बहुसंख्यांची वेशभूषा हीच ‘साधी’ आणि इतरांची तेवढी ‘खुणेची’ असे एकदा गृहीत धरले, की सर्वांना समान लागू केलेला नियमही एकाच्याच पाठीवर पडतो. ज्याच्या डोक्यावर काहीच नसते, त्याला टोपीबंदीचा काच कसा कळणार?

खूण एक, अर्थ दोन

काही प्रसंगांत मात्र दोन्ही बाजूंची माणसे खरी असतात. स्वस्तिकाचे उदाहरण घ्यावे. मराठी घरात स्वस्तिक उंबऱ्यावर असते, रांगोळीत असते, लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर कुंकवाने काढलेले असते. परदेशात नोकरीस गेलेल्या माणसाच्या गळ्यातील पदकावर किंवा टेबलावरील दिनदर्शिकेवर ते असेल, तर त्यात दुष्ट हेतू शोधणे चूक होय. परंतु शेजारच्या टेबलावर असा एखादा ज्यू सहकारी असू शकतो, ज्याच्या आजी-आजोबांना त्याच आकाराच्या खुणेखाली छळछावणीत नेऊन मारले गेले. नाझी पक्षाने १९२० साली ती खूण आपल्या ध्वजावर घेतली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत तिला असा रक्ताचा डाग लावला की, युरोपात तो पुसला गेलेला नाही. या दोघांपैकी कोण खोटा? कोणीही नाही. एकाला मंगल आठवते, दुसऱ्याला मरण.

अशा जागी नियमाचे पुस्तक निरुपयोगी असते. तेथे एकाने विचारावे आणि दुसऱ्याने सांगावे, हाच उपाय. विचारणाऱ्याचा सूर आरोपाचा नसावा. सांगणाऱ्याने ‘आमची खूण हजारो वर्षांची’ एवढ्यावर न थांबता समोरच्याचे दुःखही ऐकून घ्यावे. पुष्कळदा खुलासा झाल्यावर सहकारी स्वतःच म्हणतो, राहू दे. आणि पुष्कळदा खूण बाळगणाराच ती घरी ठेवतो, कोणी सक्ती केली म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याची व्यथा कळली म्हणून.

परंतु ‘गैरसमज’ या शब्दाचा गैरवापरही होतो, त्याविषयी सावध असावे. अमेरिकेत कृष्णवर्णीय कामगाराच्या कामाच्या जागी फासाचा दोर टांगून ठेवण्याचे प्रकार घडले आहेत. विचारणा झाली की ‘ती तर थट्टा होती’ असे सांगितले जाते. ज्या देशात हजारो कृष्णवर्णीयांना जमावाने फासावर लटकवले, तेथे तो दोर काय सांगतो हे टांगणाऱ्यालाही पक्के ठाऊक असते. तेथे वस्तूच माणसावर उगारलेली असते. त्याला गैरसमज म्हणणे हा पीडितावर दुसरा अन्याय होय.

साळखात्यातील धोटा

इथपर्यंतची बहुतेक उदाहरणे परदेशातील झाली. इंग्रजांच्या वर्णद्वेषाची कथा ऐकताना मराठी श्रोत्याला एक प्रकारचे समाधान वाटते. ते समाधान टिकू देणे बरे नव्हे. वस्तूच्या आडून माणसावर आक्षेप घेण्याची कला कोणाकडून शिकावी लागली असेल, तर ती इंग्रजांकडून खचित नव्हे.

मुंबईच्या कापडगिरण्यांत साळखात्यातील मजुरी इतर खात्यांहून चांगली असे. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय सांगितले जाई? कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून, धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एका धोट्याला अनेकांचे तोंड लागणार; मग महार कामगाराचे तोंड लागलेला धोटा इतरांनी कसा तोंडाला लावावा? हे म्हणणे मालकाचे नव्हते, सोबतच्या कामगारांचे होते. मालक त्याचा फायदा तेवढा घेत होता. १९२८ च्या सहा महिन्यांच्या प्रचंड संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्या त्या पुढाऱ्यांनी तो मागण्यांत घेताना आढेवेढे घेतले. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी भांडवलशाहीबरोबरच ब्राह्मणशाहीलाही कामगारांचा शत्रू म्हटले, त्यामागे हा सारा अनुभव होता.

वरील कसोटी येथे लावून पाहावी. सूत तोंडाने ओढण्याची पद्धत मुळातच घातक होती. क्षयासारखा रोग तिच्यामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा धोका असे, आणि सुताची धूळ तर प्रत्येकाच्याच छातीत जाई. सूत हाताने ओवता येईल असे धोटे त्या काळी निघालेले होते. आक्षेप खरोखर वस्तूवर असता, तर साऱ्या साळखात्याने एकमुखाने मागणी केली असती की, हाताने ओवायचे धोटे द्या. जातीचा प्रश्न त्या दिवशी अर्धा सुटला असता आणि आरोग्याचा पुरा. पण आपापसांतील दहा जणांची थुंकी चालत होती. अकराव्याची तेवढी चालत नव्हती. आक्षेप धोट्यावर कधी नव्हताच.

राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. २५ व्या अनुच्छेदाने कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला. कायद्याने आपले काम केले. आता धोट्याची जागा डब्याने घेतली आहे. कोणाच्या डब्यात सुके बोंबील आहेत, कोणाच्या डब्यात मटण आहे, यावरून जेवणाच्या सुट्टीत टेबले वेगळी होतात. २०१४ साली चेन्नईतील एका नामांकित इंग्रजी दैनिकाच्या कचेरीत, शाकाहारी सहकाऱ्यांना अवघडल्यासारखे होते म्हणून उपाहारगृहात मांसाहार करू नये, अशी सूचना निघाली होती. पुरोगामी म्हणून ज्याची ख्याती, त्या वृत्तपत्रात हे घडले. एखाद्याला मासळीचा वास खरोखर सहन होत नसेल, हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी खिडकी उघडता येते, जागा बदलता येते. पण ज्याला तळलेल्या मासळीचा वास सहन होत नाही, त्याला त्या डब्याच्या मालकाने आणलेली पुरणपोळी तरी चालते काय, हे एकदा विचारून पाहावे. उत्तरातच आक्षेपाचे मूळ सापडेल. घर भाड्याने देताना जो प्रश्न ‘तुम्ही मांसाहारी आहात काय?’ या शब्दांत विचारला जातो, त्यातून पुष्कळदा जात आणि धर्म विचारायचा असतो. उपाहारगृहातही तोच प्रश्न वेष पालटून येतो.

कार्यकर्त्याचे काम

यातून कार्यकर्त्याने काय घ्यावे? पहिले असे की, तक्रार व्यवस्थापनाकडे जाण्यापूर्वी ती संघटनेकडे आली पाहिजे, आणि तशी ती यावी एवढा विश्वास दोन्ही बाजूंच्या कामगारांना वाटला पाहिजे. एकदा कागद व्यवस्थापनाच्या टेबलावर गेला की सहकारी मागे हटू शकत नाही. त्याची इभ्रत गुंतते.

दुसरे असे की, दोघांना समोरासमोर बसवावे आणि वस्तूचा अर्थ ज्याची वस्तू आहे त्याच्याच तोंडून ऐकावा. त्याच्या वतीने त्याच्या समाजाच्या पुढाऱ्याने येऊन बोलू नये. तरसेमसिंगचा प्रश्न तरसेमसिंगशी बोलून सुटणारा होता.

तिसरे असे की, गणवेशाचे आणि वर्तनाचे नियम तयार होत असतानाच त्यांत लक्ष घालावे. स्थायी आदेश मंजूर करताना कामगारांच्या प्रतिनिधींचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद १९४६ च्या कायद्यात होती. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही मसुद्याबाबत संघटनेशी विचारविनिमय करण्याचे कलम आहे. मात्र तीनशेहून कमी कामगारांच्या आस्थापना या प्रकरणातून वगळल्या गेल्या आहेत. तेव्हा लहान कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून हे काम कायद्याच्या आधाराविना, संघटनेच्या बळावरच करावे लागेल. प्रत्येक बंदीला कारण विचारावे, कारणाला पुरावा विचारावा, आणि पुरावा खरा असेल तर तो नियम आपल्या माणसांना समजावून सांगण्याची जबाबदारीही संघटनेनेच घ्यावी.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण ती स्वतःच्या सभासदांविरुद्ध उभे राहण्याची आहे. आक्षेप माणसावर आहे असे दिसले, तर बहुसंख्य सभासद रुसतील या भयाने गप्प बसता येणार नाही. १९२८ साली साळखात्यातील कामगारांना दुखवू नये म्हणून पुढाऱ्यांनी जे आढेवेढे घेतले, त्याचे व्याज चळवळ पुढे कित्येक वर्षे भरत राहिली. जो कामगार आपल्या डब्यासह टेबलावरून उठवला गेला, तो संपाच्या दिवशी त्याच टेबलावरच्या माणसांसाठी का उपाशी राहील?

प्रत्येक शाखेच्या कार्यकर्त्याने या आठवड्यात आपल्या उपाहारगृहात एक फेरी मारावी. कोण कोणाबरोबर जेवतो आणि कोण कोपऱ्यात पाठ करून डबा उघडतो, एवढे पाहून यावे. शाखेच्या पुढील बैठकीचा पहिला विषय तेथेच सापडेल.